रहाट, रोलर कोस्टर आणि आमच्या वहिनी

वाचकहो, एरवी मी तुम्हांला हुमणीचा बंदोबस्त कसा करावा, डाळिंबाचा बहार केव्हा धरावा, तपासणीसाठी माती कशी काढावी असले काहीबाही सांगत असतो. आज विषय जरा वेगळा आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरेटोरे ज्याच्यासाठी घर डोक्यावर घेतात, त्या रोलर कोस्टरचा आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचा. ‘विस्तार अधिकाऱ्याला हे कुठले नसते उद्योग?’ असे तुम्ही म्हणाल. पण मी जाऊन पाहून आलो, आणि माझी खात्री झाली की हा सगळा मामला उंचीचा, उताराचा आणि पाण्याचा आहे. या तिन्ही गोष्टींशी आपला जेवढा संबंध येतो तेवढा शहरवाल्यांचाही येत नाही.

आधी या खेळाची कूळकथा ऐका. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास अठराव्या शतकात लाकडाचे उंच मचाण बांधून त्याच्या उतारावर पाणी ओतीत. थंडीने त्याचा बर्फ होई आणि त्यावरून लोक घसरत. ही हौस फ्रान्समध्ये गेली. तिथे बर्फ कुठला टिकायला? मग १८१७ मध्ये पॅरिसला चाकांच्या गाड्या रुळांत अडकवून उतारावरून सोडू लागले. फ्रेंच लोक या खेळाला अजूनही ‘रशियन डोंगर’ म्हणतात, आणि गंमत अशी की रशियन लोक त्याला ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात. आपल्याकडे गाजर गवत कुणी आणले यावर जसे एकमत नाही, तसेच हे.

पण मला आवडली ती खेचरांची हकिगत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात माउक चंक नावाचे गाव होते. तिथे १८२७ मध्ये डोंगरावरच्या खाणीतून नदीकाठापर्यंत सुमारे चौदा किलोमीटरचे रूळ घातले. भरलेल्या कोळशाच्या गाड्या उताराने आपोआप खाली येत. रिकाम्या गाड्या वर ओढून न्यायला खेचरे लागत. ती खेचरे पुन्हा खाली आणायची कशी? तर त्यांनाही एका गाडीत उभे करून उताराने सोडून देत. या जनावरांना त्या बैठकीची अशी चटक लागली की पुढे ती पायी खाली यायलाच तयार होईनात. मोटेच्या धावेवर उलट्या पावली मागे येणारे आपले बैल आठवा. त्यांना कुणी अशी गाडी दिली असती तर! पुढे कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला आणि त्या रुळांवर नुसती हौशी माणसे फिरू लागली. तेच पाहून थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड इथे पाच सेंटांत फेरी असा पाळणा काढला. त्याचा वेग होता ताशी दहा किलोमीटर, म्हणजे सायकलवरचा दूधवाला सहज पुढे निघून जाईल इतका.

पाण्याच्या खेळातही असेच आहे. लाकूडतोडीच्या धंद्यात जंगलातले ओंडके पन्हळीतून पाण्याबरोबर सोडून गिरणीपर्यंत आणीत. १९६३ मध्ये टेक्सास राज्यातल्या एका बागेने ओंडक्याच्या आकाराच्या होड्या करून त्यांत माणसे बसवली आणि त्याला स्पॅनिश भाषेत ‘लाकडाची गिरणी’ असेच नाव दिले. म्हणजे कोळसा असो की ओंडका, आधी राबणाऱ्यांचे काम आणि मग पैसेवाल्यांचा खेळ. ऊस गाळताना गुऱ्हाळावर आता तिकीट लावून लोक येतात, त्यातलाच प्रकार.

आपल्या देशात दिल्लीचे अप्पूघर १९८४ मध्ये सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद पडले. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड निघाले. शाळेच्या सहली तिकडे जाऊ लागल्या तेव्हा मी नुकताच दापोलीला कृषी महाविद्यालयात शिकत होतो. खोपोलीजवळची इमॅजिका ही बाग २०१३ च्या एप्रिलमधली, आणि तिथला पाण्याचा भाग २०१४ मधला.

तर २०२४ च्या मे महिन्यात आम्ही तिथे गेलो. आम्ही म्हणजे माझे थोरले बंधू (त्यांना सगळे दादाच म्हणतात), वहिनी, त्यांच्या सूनबाई, नववीतला नातू आणि मी. आमचे गाव माणदेशात. तुम्हांला ठाऊक असेल, आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि त्या मे महिन्यात आमच्याकडे टँकर चालू होते. दादांचे म्हणणे, अशा साली पाण्यात खेळायला जाणे शोभत नाही. पण नातवाला सुट्टी याच साली होती. शिवाय खोपोलीत सूनबाईंचे मामा राहतात, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नव्हता. पहिल्या दिवशी कोरडे खेळ आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचे, असा बेत ठरला. दादा ‘नुसता सोबतीला’ म्हणून आले.

तिथे ‘नायट्रो’ नावाचा मोठा पाळणा आहे. सुमारे चाळीस मीटर उंच, म्हणजे तेरा-चौदा मजल्यांइतका, आणि वेग ताशी सुमारे एकशेपाच किलोमीटर. वाटेत पाच वेळा माणूस डोके खाली पाय वर होतो. दादांच्या मणक्याला पट्टा, त्यामुळे ते बाद. वहिनींना रक्तदाबाची गोळी, त्याही बाद. पाटीवर स्पष्ट लिहिलेले असते : हृदयविकार, रक्तदाब, मानेचे किंवा पाठीचे दुखणे आणि गरोदरपण असेल त्यांनी बसू नये. वाचकहो, ही पाटी विडीच्या बंडलावरच्या इशाऱ्यासारखी समजू नका, ती खरी आहे. मी, सूनबाई आणि नातू असे तिघे बसलो. खांद्यावरून जाड लोखंडी जू येते आणि कुलूप लागते. मग पायाखालची फळीच निघून जाते आणि पाय लोंबकळत राहतात.

गाडी वर चढू लागली आणि मला एक ओळखीचा आवाज आला. टक्, टक्, टक्, टक्. दापोलीला असताना मुरुड-आंजर्ल्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत शेवटचे काही रहाट चालू होते. रेडा गोल फिरायचा, लोटे भरून वर यायचे, आणि चाक उलटे फिरू नये म्हणून दात्यांवर एक लाकडी खिटी पडत राहायची. तिचा हाच आवाज! रोलर कोस्टरला चढावर साखळी ओढते. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून गाडीखाली तशीच खिटी दातेरी पट्टीवर आपटत जाते. इंग्रजीत त्या खिटीला ‘डॉग’ म्हणजे कुत्रा म्हणतात, आणि पंजाबात रहाटाच्या खिटीलाही कुत्राच म्हणत आले आहेत. दोन्ही मुलखांतल्या सुतार-लोहारांना रात्रभर राखण करणारे तेच जनावर सुचले, याचे मला फार कौतुक वाटते.

एकदा माथा ओलांडला की गाडीला इंजिन नाही, काही नाही. पुढे सगळी करणी उंचीची. तुम्ही ठिबक बसवले असेल तर गाळणीवरचा काटा पाहता ना? तो एक किलो दाब दाखवतो, म्हणजे दहा मीटर उंचीवर टाकी ठेवल्यासारखे झाले. चाळीस मीटर म्हणजे चार किलो. चाळीस मीटरवरून सोडलेली वस्तू खाली पोचते ती ताशी शंभर किलोमीटरने, मग तो नारळ असो की माणसांनी भरलेली गाडी. पुढचे चढ पहिल्या चढापेक्षा बुटके ठेवलेले असतात ते याचसाठी. घर्षणात आणि वाऱ्यात थोडीथोडी ताकद गळत जाते, आणि पाटाच्या शेवटच्या वाफ्याला जसे कमी पाणी पोचते, तसा शेवटच्या वळणाला वेग कमी उरतो.

उलटे झाल्यावर गाडी पडत कशी नाही, हे नातवाने आधीच विचारून ठेवले होते. दोन कारणे आहेत. चाके नुसती रुळावर नसतात. काही वरून, काही बाजूने आणि काही खालून रूळ धरतात. ही खालची चाके जॉन मिलर नावाच्या कारागिराने १९१९ मध्ये आपल्या नावावर करून घेतली. दुसरे म्हणजे फेऱ्याचा आकार. १८९५ मध्ये कोनी आयलंडला पूर्ण गोल फेरा बांधला होता, त्यात माणसांच्या माना दुखावत. गोलात शिरताना अंगावर एकदम भार येतो. आता फेरा थेंबाच्या आकाराचा करतात, खाली पसरट आणि वर आवळलेला. १९७६ पासून ही रीत पक्की झाली. तरीसुद्धा तळाशी आपले वजन तिप्पट झाल्यासारखे वाटते. दोन पोती खांद्यावर घेतलेल्या हमालाला जे वाटत असेल ते मला दोन सेकंद वाटले. मी ओरडलो का? ओरडलो. सूनबाई मात्र हसत होत्या. खाली उतरल्यावर म्हणाल्या, ‘‘काका, परत एकदा बसू या?’’ घरात त्यांचा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भागात दारातच अडले. साडी नेसून पाण्यात जाता येत नाही. नायलॉनचा किंवा तसल्याच कापडाचा अंगाबरोबरचा पोशाख हवा. तो भाड्यानेही मिळतो. दादा लगेच म्हणाले, ‘‘झालं, आता आपण काठावर बसू.’’ वहिनींनी माझ्याकडे पाहिले. ‘‘भाऊजी, तुमी सांगा. ह्यो नियम उगंच हाय का कशापायी?’’

उगाच नाही. घसरगुंडीत सैल कापड सांध्यात अडकते, पायात गुंडाळते. सुती कापडाचे तंतू सुटून गाळणीत बसतात, ठिबकच्या गाळणीत शेवाळ बसते तसे. मी हे सांगितले. दादांच्या चेहऱ्यावर ‘आणि लोक काय म्हणतील?’ हे लिहिलेले होते, पण तिथे गावातले कुणी नव्हते. सूनबाई सासूचा हात धरून म्हणाल्या, ‘‘चला आत्या,’’ आणि दोघी कपडे बदलायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा वहिनींनी कोपरापर्यंत बाह्या आणि पोटरीपर्यंत विजार असलेला निळा पोशाख घातला होता, आणि वर टॉवेल गुंडाळला होता. पहिली दहा मिनिटे तो टॉवेल सुटला नाही.

या वहिनींबद्दल थोडे सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात त्या सहा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जात आणि तिथली सुकडी खात. लग्न होऊन आमच्याकडे आल्या तेव्हा विहीर अर्ध्या कोसावर होती. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा घागरी मी त्यांना वीस वर्षे आणताना पाहिले आहे. पाणी म्हणजे मानेवरचा भार, एवढीच त्यांची पाण्याशी ओळख. तर या बाई एका गोल तराफ्यात सून आणि नातवाबरोबर बसल्या आणि वळणावळणाच्या पन्हळीतून भर्रकन खाली आल्या. (ही घसरगुंडी सौम्य होती. रक्तदाबाचे मी आधी तिथल्या माणसाला विचारून घेतले होते.) बाहेर येऊन धापा टाकत म्हणाल्या, ‘‘जल्मभर म्या पानी वाह्यलं भाऊजी. आज पान्यानं मला वाह्यलं.’’ मग लाटांच्या तलावात गेल्या. तिथे भिंतीमागच्या खोल्यांत हवा दाबून सोडतात, त्यामुळे समुद्रासारख्या लाटा येतात. भोंगा वाजला की लाट यायची. त्या भोंग्यापाशी ज्या खिळल्या त्या दुपारच्या जेवणालाच बाहेर आल्या.

मी आणि दादा काठावर बसलो होतो. दादा बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग म्हणाले, ‘‘आपल्या वरच्या वाडीला दोन दिवसाआड टँकर, आन् हितं लाटा. तू सरकारी माणूस, ह्याचं काय उत्तर देतूस?’’

वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, म्हणून तेव्हा बोटांवर केलेला हिशेब इथे मांडतो. अशा तलावातले पाणी रोज फेकून देत नाहीत. वाळूच्या गाळणीतून काढून, क्लोरीन घालून तेच फिरवतात. खरे नुकसान वाफेचे, अंगाबरोबर बाहेर जाणाऱ्या पाण्याचे आणि गाळणी उलटी धुण्याचे. एक एकराचा पाणपसारा धरा आणि मे महिन्यात दिवसाला आठ मिलिमीटर वाफ धरा. होतात बत्तीस हजार लिटर रोज. टंचाईत टँकरने माणशी वीस लिटर धरतात, त्या मापाने हे सोळाशे माणसांचे पाणी झाले. म्हणजे दादांची कळ खोटी नव्हती.

पण हिशेब तिथेच थांबत नाही. वर्षाची सरासरी रोज पाच मिलिमीटर धरली तर त्या एकरातून वर्षाला सत्तर-पंच्याहत्तर लाख लिटर उडतात. पाटाने भिजवलेल्या उसाला अडीच हजार मिलिमीटर धरा, एकरी एक कोटी लिटर होतात. एक एकर तलाव जेवढे उडवतो त्याहून एक एकर ऊस जास्त पितो. कालव्याचे पाणी आल्यापासून दादांचा दीड एकर ऊस आहे, तो सगळा पाटावर. दीड कोटी लिटर. माणशी वीस लिटरने दोन हजार माणसांचे वर्षाचे पाणी. कालव्याच्या खालच्या अंगाला आमचे रान, आणि वरच्या अंगाला ती टँकरची वाडी.

मी हे मोठ्याने म्हणालो. दादा रागावले नाहीत. खूप वेळाने म्हणाले, ‘‘ऊस कारखाना नेतो, त्याचा दर ठरल्याला आसतो. डाळिंबाला तेल्या आला तवा तू औषधाची चिठ्ठी दिलीस, बाग वाचली का?’’

वाचली नव्हती. तेल्यावर हमखास इलाज तेव्हाही नव्हता. दादांच्या या सवालाला माझ्याकडे पुरे उत्तर नाही, आणि ते चावडीवर बसून फुकट सल्ला देणाऱ्यांकडेही नाही. उसाला ठिबक लावा, पाणी निम्म्याच्या जवळपास वाचेल, एवढे मी सांगू शकतो, आणि ते दहा वर्षे सांगत आलो आहे.

संध्याकाळी मामांच्या गच्चीवरून घाटाच्या अंगावरचे ते जाडजूड नळ दिसत होते. दादांनी विचारले म्हणून सांगितले. लोणावळ्याची वळवण, शिरवटा ही तळी टाटांनी बांधली आणि ते पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून नळांनी खोपोलीला आणून १९१५ पासून वीज काढली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. चाळीस मीटरच्या पाळण्यावर आपण ओरडतो, आणि हे पाणी त्याच्या बारापट उंची शंभर वर्षांहून जास्त काळ गुपचूप उतरते आहे. ते मूळचे इंद्रायणीच्या खोऱ्यातले. तसेच सोडले असते तर भीमेत आणि पुढे उजनीला गेले असते. घाट उतरल्यावर ते पाताळगंगेला मिळते. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, ते टाटांचेच दुसरे धरण. खालापुराकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि आमच्याकडे पाचशेच्या आत, तरी पाणी चालले आहे ते आमच्या बाजूकडून तिकडे. दादांना हे ठाऊक नव्हते. ते म्हणाले, ‘‘म्हंजी लाटंचं पानी थोडंच हाय, खरं पानी हितनं जातंय.’’ मग त्यांनी चहा मागवला. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज मी त्यांना परत आल्यावर आणून दिला आहे. हे लिहीपर्यंत तो त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

आता थोडे सावधगिरीचे. अमेरिकेत कॅन्सस शहरात पन्नास मीटरहून उंच पाण्याची घसरगुंडी केली होती, जगात सर्वांत उंच. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिच्यावरून तराफा उधळून दहा वर्षांचा मुलगा गेला, आणि २०१८ मध्ये ती पाडून टाकली. आपल्याकडे २०१९ च्या जुलैत अहमदाबादला कांकरिया तलावाकाठी मोठा झोका मोडून दोघे दगावले. मोठ्या बागेत निदान रोज सकाळी रिकामी गाडी फिरवून पाहतात. मला जास्त धास्ती आपल्या यात्रेतल्या आकाशपाळण्याची वाटते. आज या गावी, परवा त्या गावी, रात्रीत उभा आणि रात्रीत मोडलेला. पाळण्याखाली ठोकळे सपाट आहेत का, खिळपिना सगळ्या आहेत का की एखाद्या जागी तार गुंडाळली आहे, विजेची वायर उघडी लोंबते का, चालवणारा शुद्धीवर आहे का, एवढे आपल्याला साध्या डोळ्यांनी कळते. ट्रॅक्टरची ट्रॉली जोडताना पिन पाहतोच ना आपण? यात्रा कमिटीने आणि ग्रामपंचायतीने परवानगी देण्याआधी दिवसाउजेडी एक फेरी मारावी, आणि पटले नाही तर पाळणा फिरू देऊ नये. गाळ्याचे भाडे बुडाले तर बुडू द्यावे.

जाणार असाल तर मे महिना आणि रविवार टाळा. पाऊस सुरू झाल्यावर आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी कमी असते. लहान मुलांची उंची पट्टीवर मोजतात, तिथे मुलाला टाचांवर उभे करून फसवू नका. जू खांद्यावर नीट बसत नसेल तर ते पोर सुटू शकते. पोटात थोडे असावे, पण झणझणीत मिसळ खाऊन पाळण्यावर चढू नये. चष्मा, मंगळसूत्र, कानातले घरीच ठेवा किंवा कुलुपाच्या कप्प्यात ठेवा. पाण्यातून बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ करा, नाहीतर क्लोरीनने अंगाला खाज सुटते. आणि घरातल्या बायकांसाठी पोशाख आधीच तालुक्याच्या बाजारातून घेऊन ठेवा. तिथल्या भाड्यापेक्षा परवडतो, अंगाला मापाचा मिळतो, आणि दारात उभे राहून कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. वहिनींनी परतल्यावर गोंदवल्याच्या बाजारातून स्वतःचा एक घेतला आहे.